एअर शॉकअपची हवा उतरते तेव्हा आधी काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कासारवडवलीला राहता, २०११ ची टूरिंग बाईक, मागे दोन एअर शॉकअप. शनिवारी ३० पीएसआय भरता, रोज सकाळी टायरच्या गेजने चेक करता आणि बुधवारी गेज ८ दाखवतं. वहिनी मागे बसल्या की घोडबंदर रोडच्या खड्ड्यात गाडी खालून दणका देते, आणि डाव्या शॉकअपचा रॉड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी दांडी, जरा ओला दिसतोय. एक मेकॅनिक म्हणतो दोन्ही शॉकअप गेले, नवीन जोडी मागवा, दुसरा म्हणतो पेट्रोल पंपावर हवा मारत राहा काही होत नाही. आत्ता दोघांचंही ऐकू नका. पहिल्याने हवा नक्की कुठून जाते ते बघितलेलंच नाही, आणि दुसऱ्याचं ऐकलंत तर आज जे शाबूत आहे तेही जाईल.

मी ठाण्यात २२ वर्षं शॉकअप आणि फोर्कचं, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनचं, काम करतोय. हवेवाले शॉकअप आपल्याकडे फार येत नाहीत, पण जे येतात ते बहुतेक असेच येतात, दोन-तीन जणांनी हात लावून झालेले आणि मालकाच्या मनात धास्ती बसलेली की आता मोठा खर्च. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करतो, तो गॅरेजवाल्यांमध्येच जास्त आहे. आपल्या रोजच्या गाड्यांचे मागचे शॉकअप म्हणजे स्प्रिंग आणि तेल. काहींना बाजूला छोटी डबी असते, पल्सरवर नायट्रॉक्स लिहिलेलं बघितलं असेल, त्यात नायट्रोजन कारखान्यातच भरून बंद केलेला असतो, तिथे आपण हवा भरायची नसते. मोठ्या गाड्यांच्या मोनोशॉकमध्ये, म्हणजे मागे एकच शॉकअप असतो त्यात तर हा गॅस टायरच्या कितीतरी पट दाबाने असतो, ती डबी कोणी घरी उघडायला गेला तर जीवावर बेतू शकतं. तुमचा प्रकार तिसरा. आत स्प्रिंग आहे, तेल आहे, आणि तेलाच्या वर थोडी हवा जी टायरसारख्या व्हॉल्वमधून कमी-जास्त करता येते. होंडाच्या गोल्डविंग जीएल ११०० ला १९८० मध्येच असं एअर सस्पेन्शन होतं, हार्लेच्या टूरिंग गाड्यांवरही वर्षानुवर्षं हवेचेच शॉकअप यायचे, २०१७ च्या मॉडेलपासून त्यांनी हवा काढून नॉब फिरवायची सोय आणली. हवेचं काम एकच, वजन उचलून धरायला स्प्रिंगला हातभार लावणं. झोका आवरायचं काम तेलाचं.

हे वेगळं ठेवलं की अर्धं निदान गाडी न उघडता होतं. नुसती हवा गेली असेल तर गाडी मागे बसकी होते, स्पीडब्रेकरवर ठोकते, साईड स्टँडवर नेहमीपेक्षा जास्त सरळ उभी राहते. तेल गेलं असेल तर खड्ड्यातून बाहेर आल्यावरही मागचा भाग दोन-तीनदा वर-खाली नाचत राहतो. तुम्ही ठोकते असं लिहिलंय, नाचते असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून मला तुमच्या शॉकअपबद्दल अजून बरीच आशा आहे.

आता तुमचा रोजचा गेज. हे जरा नीट वाचा कारण तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोठी गळती कदाचित हीच आहे. टायरमध्ये हवा भरपूर असते, गेज लावताना फुस्स झालं तरी काट्याला फरक कळत नाही. शॉकअपमध्ये हवेची जागा अगदी थोडी. गेज लावला की आतली हवा गेजमध्ये आणि त्याच्या नळीत पसरते, काढला की ती बाहेर जाते, आणि तेवढी कायमची कमी होते. हिशोब करून दाखवतो. ठाण्यासारख्या समुद्रसपाटीच्या जागी बाहेरच्या हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय, म्हणजे गेजवर ३० असताना आत खरे ४४.७ असतात. समजा गेज आणि नळी मिळून शॉकअपमधल्या हवेच्या जागेच्या एक दशांश एवढी जागा खातात. मग ४४.७ ला १.१ ने भागा, ४०.६ आले, गेजवर दिसणार २६. दुसऱ्या दिवशी पुन्हा चेक केलं तर २२, तिसऱ्या दिवशी १९, चौथ्या दिवशी १६. कुठेही एक बुडबुडा न येता, नुसतं बघून बघून ३० चे १६ झाले! तुम्ही रविवार ते बुधवार चारदा बघता. तुमच्याकडे ८ येतात म्हणजे खरी गळती पण आहे, पण २२ पीएसआय गेले असं जे तुम्हाला वाटतंय त्यातले बरेचसे तुमच्याच हाताने गेलेत.

त्यात तापमान मिसळा. माळशेजवरून संध्याकाळी परत आलात, शॉकअप हाताला चांगला गरम लागतोय, समजा आत ५० डिग्री, तेव्हा ३० भरलेत, तर सकाळी २७ डिग्रीला गार झाल्यावर तो २७ च्या आसपासच दाखवणार. ती गळती नाही. म्हणून भरायचं आणि मोजायचं ते नेहमी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच.

मग गेज न लावता गळती कळणार कशी? उंची मोजून. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर किंवा सॅडलबॅगवर एक जागा ठरवा, मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने रेघ मारा. पार्किंगमध्ये एकच लादी ठरवा, गाडी रोज तिथेच, हँडल एकाच बाजूला, पेट्रोल साधारण तेवढंच. मोजायच्या आधी सीटवर हाताने दोनदा दाबून सोडा कारण सील (रॉडभोवती तेल-हवा अडवणारी रबराची कडी) आणि बुशच्या (रॉड ज्यात सरकतो त्या कड्याच्या) घर्षणाने गाडी कधी कधी वरच अडकून राहते. शनिवारी सकाळी ३० भरा, उंची लिहा, मग पाच दिवस फक्त मेजर टेप, गेजला हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी एकदाच गेज. उंची दोन-चार मिलिमीटरच हलली तर गळती बारीक आहे, बोटभर खाली आली तर मोठी. रोज मोजलं की उंची कधी उतरतेय हेही कळतं, रात्री उभी असताना की चालवल्यावर, आणि ही माहिती फार कामाची आहे, त्यावर पुढे येतो.

पंपाचं सांगतो. पेट्रोल पंपावरची किंवा पंक्चरवाल्याकडची हवा या शॉकअपला कधीही लावू नका. तिथे टाकीत शंभरच्या घरात दाब असतो आणि इथे भरायची जागा एवढीशी, नोझल टेकवून उचलेपर्यंत काटा मर्यादेच्या पार गेलेला असतो आणि सीलची ओठासारखी जी कड असते ती उलटते किंवा फाटते. वर त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, पावसाळ्यात तर जास्तच, ते आत जाऊन तेलात मिसळतं. हातपंप घ्या, सायकलच्या शॉकचा मिळतो तसा, पण एक बघून घ्या, माउंटन बाईकच्या बऱ्याच पंपांचा गेज ३०० पर्यंत असतो, त्यावर २५ आणि ३० मधला फरक दिसतच नाही. ० ते ६० चा गेज असलेला घ्या. काढताना व्हॉल्वची पिन आधी बंद होऊन मग नळीतली हवा सुटेल असा जोड असतो तो घ्या, तेव्हा जो फुस्स आवाज येतो तो नळीतला असतो, शॉकअपमधला नाही. आणि कमाल किती भरायचं ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा, मॉडेलप्रमाणे बदलतं, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका.

आता शोध. सुरुवात सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून, म्हणजे व्हॉल्वच्या पिनपासून. हे मी ठामपणे सांगतो कारण माझ्या हातून एकदा उलटं झालंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी वाशीचे एक गृहस्थ आले होते, हीच तक्रार, रॉडवर थोडं तेल दिसलं म्हणून मी थेट शॉकअप उघडले, दोन्हीचे सील बदलले, पैसे घेतले. आठवड्यात गाडी परत, हवा तशीच उतरतेय. मग पिन काढून बघितली तर रबराच्या कडेखाली वाळूचा एक कण. वीस रुपयांची पिन. मजुरी परत केली, पण त्या माणसाचे दहा दिवस आणि विश्वास गेला तो गेलाच, ते मला अजून लागतं. तेव्हापासून कितीही खात्री असली तरी पिन आधी.

ही पिन टायरच्या ट्यूबमध्ये असते तीच, पंक्चरवाल्याकडे मिळते, पण आखूड आणि लांब असे प्रकार असतात म्हणून जुनी सोबत न्या. हवा पूर्ण सोडूनच पिन काढा, आणि हवा सोडताना व्हॉल्वभोवती जुना कपडा धरा. हवा आणि तेल एकाच पोकळीत असल्यामुळे बारीक फवारा बाहेर येतोच, थोडा आला तर घाबरू नका, पण तो मागच्या डिस्कवर किंवा टायरवर पडला तर पहिल्याच ब्रेकला गाडी घसरेल. आलाच तर ब्रेक क्लीनरने पुसून मगच गाडी हलवा. नवीन पिन बोटाच्या जोरापेक्षा जरा जास्त एवढीच घट्ट करा, आवळली तर रबर कापलं जातं. टोपी आत रबर वॉशर असलेली लावा, ती दुसरं सील म्हणून काम करते, साधी प्लास्टिकची टोपी फक्त धूळ अडवते.

पिन झाली की साबण. भांड्याचा लिक्विड साबण किंवा लहान मुलांचा शॅम्पू पाण्यात, घट्टसर, स्प्रेच्या बाटलीत. दोन्ही सॅडलबॅग काढा, २५-३० भरा आणि आधी व्हॉल्वचं तोंड, मग व्हॉल्वची बॉडी जिथे ब्रॅकेटला बसते तो भाग, मग टी, म्हणजे एका व्हॉल्वमधून दोन्ही शॉकअपकडे जाणारे दोन पाईप जिथून फुटतात तो जोड, मग दोन्ही शॉकअपला पाईप जिथे शिरतो ते जोड. घाई करू नका. लोक फवारतात, दोन सेकंद बघतात आणि पुढे जातात. बारीक गळतीचा फेस जमायला पाच-सात मिनिटं लागतात, साबुदाण्याएवढे पांढरे बुडबुडे एका जागी गोळा होतात, मोठा फुगा येत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून बसा. झालं की साध्या पाण्याने धुवून काढा.

पाईपवर माझा सगळ्यात जास्त संशय असतो, चौदा-पंधरा वर्षं जुन्या गाडीवर तर नक्कीच. नायलॉनचा पाईप उन्हाने आणि सायलेन्सरच्या उष्णतेने कडक होतो, सॅडलबॅगच्या ब्रॅकेटला घासून चपटा होतो, आणि कोणी बॅग काढ-घाल करताना तो ओढला की जोडात ओ-रिंगवर (रबराच्या बारीक गोल कडीवर) जो भाग बसतो तिथे लांब चरे पडतात. अशा वेळी ओ-रिंग नवी टाकली तरी हवा त्या चऱ्यातून जाते. उपाय सोपा आहे, पाईप थोडा लांब असेल तर चरे पडलेलं टोक कापून पुन्हा बसवा, पण कापायचं ते धारदार ब्लेडने, अगदी काटकोनात. पकडीने किंवा कटरने दाबून कापला की टोक लंबगोल होतं आणि मग काहीही करा, गळणारच. नवीन पाईप घ्यायचा असेल तर आपल्याकडे वागळे इस्टेटला किंवा पलीकडे रबाळे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत न्यूमॅटिकचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं, सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, फक्त व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) बाहेरचा व्यास मोजून जा. परदेशी गाडीला इंची पाईप असू शकतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तो ६ च्या जोडात जाणार नाही, आणि १/८ इंच म्हणजे ३.१७५, तो ४ च्या जोडात आरामात जाईल, बसल्यासारखा वाटेल आणि माळशेजच्या वळणावर सुटेल.

साबणात काहीच दिसलं नाही तर दोन बाजू वेगळ्या करा. त्याच दुकानात पाईपच्या साईझचा बंद प्लग मिळतो. हवा सोडून टी वरून उजव्या शॉकअपचा पाईप काढा, तिथे प्लग लावा, आता व्हॉल्वशी फक्त डावा जोडलेला आहे. ३० भरा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी उलट. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूला प्लग, फक्त टी आणि व्हॉल्व. यात मात्र जागा अजूनच कमी झालेली असते म्हणून सकाळी एकदाच मोजायचं, आणि पंप लावल्याने किती उतरतं ते आधी भरल्या भरल्या एकदा काढून-लावून बघून ठेवायचं, तेवढे वजा करायचे. तीन रात्रीत उत्तर मिळतं आणि खर्च प्लगचा. या तीन दिवसात गाडी चालवायची नाही, एका बाजूला हवा आणि दुसरीकडे नाही अशी गाडी कोपऱ्यावर वेडीवाकडी वागते.

आता तो ओलसर डावा रॉड. रॉडवर तेलाची पातळ चमक असणं हे दुखणं नाही, सील रॉडवर इतकं तेल सोडतंच, नाहीतर ते कोरडं घासून संपेल. थेंब लोंबकळत असेल, खालच्या बुशपाशी धूळ आणि तेलाचा काळा लेप जमला असेल तर मात्र गळती. स्वच्छ पुसा, रॉड दिसत असेल तिथे खाली टिश्यू पेपर गुंडाळून रबर बँड लावा, एकट्याने येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन या आणि बघा. कडेला हलका डाग आला तर सोडून द्या, कागद भिजला तर सील गेलंय.

आणि इथे ते मघाचं, कधी उतरतंय. आपला भाग खाडीचा. कोलशेत, बाळकूम, पलीकडे पाम बीच रोड, हवेत मीठ आहे, आणि गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असली की रॉडवर गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, बरोबर त्या उंचीला जिथे उभ्या गाडीत रॉड सीलच्या बाहेर असतो. गाडी चालवताना, मागे माणूस बसल्यावर, हा खरबरीत भाग सीलच्या आत-बाहेर होतो आणि कड खरवडतो. त्यामुळे रात्रभर उभी असताना हवा टिकते आणि डबल सीट फिरून आलं की उतरते, असं दिसलं तर मी रॉडच बघतो. नखाची कड रॉडवरून हळू ओढा. अडकली तर खड्डा आहे. अजून एक गोष्ट, काही सील ३० ला धरतात आणि ५-६ ला गळतात, कारण आतल्या दाबानेच त्यांची कड रॉडवर दाबली जाते. म्हणजे हवा एकदा खाली आली की उरलेली पटकन जाते. कमी भरून साबण मारला म्हणून नसलेला दोष दिसला असं होऊ शकतं, दोन्ही दाबाला बघा.

रॉड गुळगुळीत असेल आणि फक्त सील गेलं असेल तर दुरुस्ती करण्यासारखी आहे. कंपन्या सहसा आतले पार्ट सुटे देत नाहीत, पूर्ण शॉकअपच देतात, पण सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली तर हायड्रॉलिक सीलवाल्याकडे जुळणारं मिळू शकतं. हे काम आधी असे शॉकअप उघडलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आत फोर्क ऑईल, बरोबर ग्रेडचं, आणि दोन्ही बाजूला मोजून सारखं. इंजिन ऑईल टाकणारा दिसला तर तिथून गाडी उचला. तेल जास्त झालं तर हवेला जागाच उरत नाही, दाब भसकन चढतो आणि नवीन सील पहिल्याच खड्ड्यात जातं, हे मी दुसरीकडून दुरुस्त होऊन आलेल्या दोन गाड्यांत बघितलंय. एका बाजूचं सील गेलं तरी दोन्ही बदला, दुसऱ्याचं वयही तेवढंच आहे.

रॉडला नख अडकत असेल तर नुसतं सील टाकू नका, पैसे पाण्यात. हार्ड क्रोम (रॉडवर क्रोमचा नवा कडक थर) आणि ग्राइंडिंग (तो घासून मापात आणणं) होऊ शकतं, पण ग्राइंडिंगवाल्याने व्यास मूळ मापावर आणलाच पाहिजे, आणि सगळं मिळून खर्च वाढत जातो. माझं मत विचाराल तर तेव्हा नवीन जोडी बघा, आणि हवा सांभाळायचा कंटाळा असेल तर नुसती स्प्रिंग-तेलवाली, हाताने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण, ठेवता येणारी सुद्धा चालेल. डबल सीट आणि सामान घेऊन घाट करत असाल तर मला हवेवालीच आवडते, फक्त ती टिकवायला महिन्याला एकदा लक्ष द्यावं लागतं. पावसाळ्यात गाडी धुताना रॉडवरचा चिखल उडवताना प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका, साध्या पाण्याने आणि मऊ कपड्याने पुसा.

शॉकअप काढायची वेळ आलीच तर फ्रेमखाली जॅक, हवा आधी सोडलेली, आणि एका वेळी एकच बाजू. काढलेला शॉकअप आडवा ठेवू नका, उभाच ठेवा, नाहीतर तेल पाईपच्या तोंडाशी येतं. बोल्टचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा तो आकडा, पुस्तकातला.

हे सगळं होईपर्यंत गाडी वापरायची असेल तर एकट्याने, बॅगा रिकाम्या, आणि गायमुखच्या घाटात सावकाश. वहिनींना मागे बसवू नका, कारण शॉकअप तळाला ठोकला की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला लागू शकतो.

या शनिवारी सकाळी पिन बदला, ३० भरा, टेपवर रेघ मारा. मग शनिवारची उंची, सोमवारची उंची, गुरुवारची उंची आणि गुरुवारचा एकच गेज, एवढं लिहून कळवा, सोबत डाव्या रॉडचा उजेडात काढलेला जवळचा फोटो.